स्फूर्ती येते कोठून?

गेल्या वसंतात याच व्यासपीठावर माझे व्याख्यान झाले, तेव्हा विषय निराळा होता. भाषण आटोपल्यावर रिवाजाप्रमाणे श्रोत्यांच्या चिठ्ठ्या अध्यक्षांच्या टेबलावर आल्या. बहुतेक चिठ्ठ्यांत नेहमीचेच प्रश्न होते. एक चिठ्ठी मात्र वहीच्या पानाचा कोपरा फाडून घाईघाईने लिहिलेली होती. तीत म्हटले होते : "तुम्ही थोरामोठ्यांची उदाहरणे देता. पण ज्याला पहाटे उठून नळाचे पाणी भरायचे, आठ वाजता डबा घेऊन निघायचे, दिवसभर दुसऱ्याच्या आकड्यांच्या बेरजा करायच्या आणि रात्री येऊन दिवा मालवायचा, त्याने स्फूर्ती आणावी कोठून?" खाली सही नव्हती.

मी उत्तर दिले. उमलत्या फुलाकडे पहा, लहान मुलाच्या हसण्याकडे पहा, आपल्या अंतःकरणात डोकावून पहा, असे काहीतरी बोललो. टाळ्या पडल्या. घरी जाताना वाटेत मात्र माझी मलाच लाज वाटू लागली. त्या गृहस्थाने (किंवा भगिनीनेही असेल) प्रश्न विचारला होता आणि मी त्याच्या हातात एक पुष्पगुच्छ ठेवून त्याला वाटेला लावले होते. फूल रोज दिसते, मूल रोज हसते. तरीही त्याला स्फूर्ती होत नव्हती, म्हणूनच तर त्याने चिठ्ठी लिहिली होती! आज त्या चिठ्ठीचे देणे फेडावे, एवढ्यासाठी हा विषय घेतला आहे.

प्रथम शब्दाकडे वळू. 'स्फूर्ती' हा शब्द 'स्फुर्' या धातूपासून आला. या धातूचा अर्थ थरथरणे, फडफडणे, चमकून उठणे. डोळा लवतो, बाहू स्फुरण पावतो, ओठ काही बोलण्याआधी किंचित हलतात, ही सारी स्फुरणाचीच रूपे. इंग्रजीत यासाठी 'इन्स्पिरेशन' हा शब्द आहे. त्याच्या मुळाशी लॅटिन भाषेतील श्वास आत घेण्याची कल्पना आहे. तिकडे वारा बाहेरून येतो. आपल्याकडे कंप आतून उठतो. शब्दाच्या व्युत्पत्तीवरून तत्त्वज्ञान रचणे धोक्याचे असते, हे मला ठाऊक आहे. आपल्याकडेही शारदेच्या प्रसादावाचून वाणी फुटत नाही, असे मानणारे काही थोडे नव्हते. तरीपण स्फूर्ती ही आकाशातून पडणारी वस्तू नसून जे आत आधीच आहे त्याचे हलणे आहे, ही गोष्ट आपल्या भाषेने तरी जपून ठेवली आहे.

मग हे हलणे केव्हा होते? येथे आपल्या पाठ्यपुस्तकांनी थोडा घोटाळा करून ठेवला आहे. जेम्स वॉटची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी वाचली. चुलीवर किटली होती, वाफेने झाकण उडत होते, ते पाहून मुलाला इंजिन सुचले. गोष्ट गोड आहे; पण तिच्यामुळे झालेले नुकसान मोठे आहे. कारण ती ऐकून मुलाला वाटते, आपल्या घरी रोज चहाचे आधण ठेवतात, झाकणही उडते. पण आपल्याला काही सुचत नाही. तेव्हा आपण त्या जातीचे नव्हेच!

खरी हकिगत अशी की, वॉट हा ग्लासगोच्या विद्यापीठात यंत्रे व उपकरणे दुरुस्त करणारा कारागीर होता. वाफेचे इंजिन त्याच्या जन्माआधीच निघालेले होते. न्यूकमेन नावाच्या माणसाने ते बनविले होते आणि खाणीतले पाणी उपसण्यासाठी ते वापरात होते. १७६३-६४ च्या हिवाळ्यात त्या इंजिनाची एक छोटी प्रतिकृती विद्यापीठाने वॉटकडे दुरुस्तीला दिली. म्हणजे काय, तर रोजच्या कामातले आणखी एक काम! दुरुस्त करून चालवू लागला तर ती प्रतिकृती चार फेरे चालून थांबे. एवढी वाफ जाते कोठे, हा प्रश्न त्याने धरून ठेवला. त्याच्या ध्यानात आले की, वाफ थंड करून तिचे पाणी करण्यासाठी प्रत्येक फेऱ्यात सगळे नळकांडेच थंड करावे लागते आणि पुढच्या फेऱ्यात तेच पुन्हा तापवावे लागते. इंधनाचा बहुतेक भाग या उठाठेवीतच खर्ची पडत होता. हे समजले, पण उपाय सापडेना. वर्ष उलटून गेले. मग १७६५ साली एका रविवारी तो ग्लासगोच्या हिरवळीवर फिरायला गेला असता अर्ध्या वाटेवरच त्याला उपाय सुचला. वाफ थंड करण्यासाठी वेगळे भांडे जोडावे; म्हणजे नळकांडे सदैव गरम आणि ते भांडे सदैव थंड. बस्स, एवढेच! पेटंट मिळायला १७६९ साल उजाडले आणि खाणींवर ती यंत्रे चालू व्हायला १७७६.

आता पहा, या हकिगतीत किटली नाही, पण दुरुस्तीचे टेबल आहे. चमत्कार नाही, पण एक अडलेला प्रश्न आहे. आणि रविवारची रपेट आहे. या तिन्ही गोष्टी आपल्यापैकी कोणाला अप्राप्य आहेत, असे मला वाटत नाही. पण एक गोष्ट सोपी नव्हे, ती म्हणजे अडलेला प्रश्न वर्षभर मनात जागता ठेवणे. आपण काय करतो? प्रश्न अडला की एकतर त्याला लाथ मारतो, नाहीतर त्याच्या पायांवर डोके ठेवून "असेच चालायचे" म्हणतो.

या बाबतीत सर्वांत प्रामाणिक साक्ष दिली आहे ती आंरी प्वांकारे या फ्रेंच गणितज्ञाने. १९०८ साली पॅरिसमध्ये मानसशास्त्राच्या अभ्यासकांपुढे त्याने एक व्याख्यान दिले. गणितात शोध लागतो तो कसा लागतो, हा विषय. मोठी माणसे आपल्या शोधाची हकिगत सांगताना सहसा पायऱ्या पुसून टाकतात आणि कळस तेवढा दाखवितात. प्वांकारेने पायऱ्या दाखविल्या. त्यातले गणित मला सांगता यायचे नाही, आणि सांगितले तरी आपल्याला त्याचा उपयोग नाही. पण तो प्रसंग कोणालाही कळण्याजोगा आहे.

१८८० च्या सुमाराची गोष्ट. हा पंचवीस-सव्वीस वर्षांचा तरुण कां नावाच्या गावी शिकवीत होता. एका विशिष्ट प्रकारची फलने असूच शकत नाहीत, असे सिद्ध करण्याचा त्याचा खटाटोप चालला होता. (त्याचे म्हणणे पुढे साफ चुकीचे ठरले, हे लक्षात ठेवा. मोठ्या शोधांचा आरंभ कित्येकदा चुकीच्या बाजूने होतो.) पंधरा दिवस तो रोज टेबलाशी तास-दोन तास बसे, नाना जुळण्या करून पाही, आणि हाती काही न लागता उठे. एका रात्री सवय नसताना तो काळी कॉफी प्याला, झोप उडाली, कल्पनांच्या झुंडी डोक्यात एकमेकींवर आदळू लागल्या, शेवटी त्यांतल्या दोन एकमेकींत अडकून घट्ट झाल्या. सकाळी उठून त्याने पाहिले तो, जी फलने नाहीत असे तो म्हणत होता, त्यांचा एक वर्गच त्याच्या हाती आला होता.

पुढचा भाग अधिक नवलाचा आहे. त्यानंतर तो भूगर्भशास्त्राच्या एका सहलीला निघाला. प्रवासाच्या गडबडीत गणित विसरूनच गेला. कुतांस नावाच्या गावी मंडळी एका बसगाडीत बसणार होती, अर्थात त्या काळची घोड्यांची गाडी. पायरीवर पाय ठेवता क्षणी, आधी मनात त्याविषयी काहीही चाललेले नसताना, त्याला जाणवले की, आपण त्या फलनांसाठी वापरलेली रूपांतरे आणि युक्लिडपेक्षा वेगळ्या भूमितीतील रूपांतरे एकच आहेत! त्याने पडताळा पाहिला नाही, वेळच नव्हता. जागेवर बसून त्याने शेजाऱ्याशी अर्धवट राहिलेले बोलणे पुढे चालू केले. पण मनात खात्री पुरी होती. घरी परतल्यावर सावकाश बसून त्याने ते तपासले. असेच आणखी एकदा समुद्रकाठच्या कड्यावर फिरताना झाले, आणि पुन्हा एकदा लष्करी सेवेत असताना रस्त्याने चालता चालता.

प्वांकारेने यातून जे काढले ते असे. पहिल्या पंधरा दिवसांचे निष्फळ श्रम हे निष्फळ नव्हते. त्यांनी मनाच्या तळघरातले यंत्र चालू केले. आपण टेबलावरून उठतो तेव्हाही ते यंत्र चालूच राहते. जुळवाजुळव करीत राहते. आणि एखादी सुबक जुळणी झाली की ती वर पाठवून देते. पण आधी टेबलाशी बसलेच नाही तर ते यंत्र चालूच होत नाही. आणि वरून जे आले ते पुन्हा टेबलाशी बसून तपासावेच लागते. कारण, त्यानेच कबूल केले आहे, बिछान्यात अर्धवट झोपेत असताना सुचलेल्या कल्पना कित्येकदा फसव्या निघतात. पुढे १९२६ साली ग्रॅहम वॉलस या इंग्रज लेखकाने याच अनुभवाला चार पायऱ्यांचे रूप दिले : तयारी, मुरवण, प्रकाश आणि पडताळा. मधली दुसरी पायरी आपल्या गृहिणींना समजावून सांगण्याची गरज नाही. लोणचे घातल्या दिवशी खात नाहीत आणि रोज बरणी उघडून ढवळीत बसले तर ते नासते.

जाता जाता एक सांगतो. प्वांकारे आज बसच्या पायरीवर पाय ठेवता तर त्याच्या हातात मोबाइल असता आणि नजर त्यात असती. ती कल्पना वर आली असती की नाही, कोण जाणे! मी या यंत्राचा शत्रू नव्हे. माझ्याही खिशात ते आहे. पण पूर्वी माणसाच्या दिवसात ज्या रिकाम्या फटी असत, बसची वाट पाहण्याच्या, रांगेत उभे राहण्याच्या, दाराशी नुसते बसण्याच्या, त्या आपण एकूण एक बुजवून टाकल्या आहेत. तळघरातून वर यायचा जिना तेथूनच होता.

येथवर ऐकून चिठ्ठी लिहिणारा म्हणेल, "वॉट झाला, प्वांकारे झाला. हे सगळे बुद्धीचे धनी. आणि त्यांना रविवार होता, सहली होत्या. ज्याच्या नशिबी रविवारही नाही त्याचे काय?"

हा आक्षेप रास्त आहे. म्हणून मी आता खानदेशात जातो.

जळगावजवळ असोदे नावाचे गाव आहे. तेथील महाजनांच्या घरी १८८० साली, म्हणजे प्वांकारे त्या बसच्या पायरीवर पाय ठेवीत होता त्याच सुमारास, एक मुलगी जन्मली. शाळेचे तोंड तिने पाहिले नाही. तेराव्या वर्षी लग्न होऊन ती जळगावच्या चौधऱ्यांच्या घरी आली. तिसाव्या वर्षी वैधव्य आले. पदरी तीन मुले, त्यांतला एक मुलगा प्लेगच्या दुखण्याने कायमचा अधू झालेला. शेतीचे काम, घराचे काम. रविवार कसला आणि सहल कसली! या बाईंना लिहितावाचता येत नव्हते. आणि तरीही शेतात, चुलीपाशी, जात्यावर बसून त्या गाणी रचीत. खानदेशात जात्याला घरोट म्हणतात. त्या घरोटावर, पेरणीवर, कापणीवर, रगडणीवर, वाऱ्यावर धान्य उपणण्याच्या कामावर, विहिरीच्या मोटेवर त्यांची गाणी आहेत. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई चौधरी वारल्या आणि १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' हा संग्रह निघाला. आज त्या भागातल्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. २०१८ साली ते देण्यात आले. ज्यांना सही करता येत नव्हती त्यांचे नाव आता पदवीपत्रांवर छापले जाते!

त्यांच्या गाण्यांत नवे काय आहे? सुगरणीचा खोपा त्यांच्याआधी लाखो शेतकऱ्यांनी पाहिला होता. (पक्षिशास्त्रज्ञ सांगतात की, तो खोपा विणणारी सुगरण नसून तिचा नर असतो. आपल्या भाषेने त्या बिचाऱ्याचे श्रेय बायकोला देऊन टाकले आहे. एरवी आपल्या समाजाचा रिवाज नेमका उलटा!) उभ्या पिकात शिरणारे ओढाळ गुरू हाकलून हाकलून प्रत्येक शेतकरणीचा घसा बसलेला असतो. बहिणाबाईंनी त्या गुराला हाकलता हाकलता आपल्या मनाकडे पाहिले आणि दोन्ही एकाच जातीची आहेत हे ओळखले. बसच्या पायरीवर प्वांकारेला जे झाले, तेच हे. दोन दूरच्या वस्तू एकच आहेत, असे एकाएकी दिसणे. एकाला ती रूपांतरांत दिसली. दुसरीला गुरात आणि मनात. आणि तेथेही तयारी होतीच. कामाची तालबद्ध पुनरावृत्ती, पिढ्यानपिढ्यांच्या ओव्यांचा कानावरचा संस्कार, आणि दुःख, जे त्यांना टाळता आले नाही, पण ज्याच्याकडे त्यांनी पाठही फिरविली नाही.

परंतु येथे मला आपणा सर्वांना एक इशारा द्यावासा वाटतो आणि तो मी स्वतःलाही देतो. बहिणाबाईंचे नाव घेऊन असे म्हणणारे पुष्कळ भेटतात की, पहा, शिक्षणावाचून, फुरसतीवाचून, जात्यावर बसूनही काव्य होते. तेव्हा तक्रार करू नका, कष्ट करा आणि गात राहा. हा विचार मला क्रूर वाटतो. जात्याने गाणे दिले असते तर महाराष्ट्रातली प्रत्येक बाई बहिणाबाई झाली असती. कारण दळण कोणालाच चुकले नव्हते. जाते गाणे देत नाही. जाते खांदे दुखवते. गाणे त्या बाईंनी दिले, जात्याला न जुमानता. आणि त्यांना लिहिता येत असते तर आपल्या हाती आले त्याहून किती अधिक आले असते, याचा हिशेब कोण करणार?

जे आले ते तरी कसे आले? मुलगा सोपानदेव, जे पुढे स्वतः कवी म्हणून महाराष्ट्राला परिचित झाले, आणि त्यांचे मावसभाऊ यांनी ती गाणी वेळोवेळी टिपून ठेवली होती. आई गेल्यावर सोपानदेवांनी ते हस्तलिखित आचार्य अत्र्यांना दाखविले. अत्र्यांना त्याची थोरवी तत्काळ कळली. ते प्रसिद्ध झालेच पाहिजे असा त्यांनी आग्रह धरला आणि प्रस्तावनाही लिहिली. मुलाने वही केली नसती तर? त्या गेल्या त्या दिवशी ती गाणीही गेली असती आणि आज जळगावच्या विद्यापीठाला दुसऱ्याच कोणाचे तरी नाव असते.

आपल्या जुन्या साहित्यशास्त्रकारांना ही गोष्ट ठाऊक होती. अकराव्या शतकात मम्मटाने काव्याचे कारण सांगताना तीन गोष्टी एकत्र सांगितल्या : जन्मजात शक्ती, लोकव्यवहार, शास्त्रे व काव्ये यांच्या अवलोकनाने येणारी निपुणता, आणि जाणत्यांच्या हाताखाली केलेला अभ्यास. आणि 'हेतू' हा शब्द त्याने मुद्दाम एकवचनी घातला. कारणे तीन नव्हेत, तिन्ही मिळून कारण एक. त्यातही अवलोकनाच्या यादीत त्याने 'लोक' आधी ठेवला आणि पोथ्या मागून, हे मला फार सूचक वाटते. चालते-बोलते जग हीच पहिली पोथी!

त्याच्याही दीड-दोनशे वर्षे आधी राजशेखर झाला. त्याचा पणजा 'महाराष्ट्रचूडामणी' म्हणविला जाई. तेव्हा हा गृहस्थ आपला दूरचा आप्तच म्हणायचा. त्याने कवीची दिनचर्या लिहून ठेवली आहे. दिवसाचे आणि रात्रीचे प्रहर पाडून दिले आहेत. सकाळी विद्यांचा अभ्यास, मग रचना, जेवणानंतर काव्यगोष्टी, आणि दिवसाच्या शेवटच्या प्रहरी सकाळच्या रचनेची तपासणी. कवी म्हणजे केस वाढवून चंद्राकडे बघणारा प्राणी अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनी हे वेळापत्रक अवश्य पहावे. ते एखाद्या हिशेबनीस माणसाचे वाटेल. याच राजशेखराने प्रतिभेचे दोन प्रकार सांगितले. एक कारयित्री, म्हणजे निर्माण करणारी. दुसरी भावयित्री, म्हणजे दुसऱ्याने निर्मिलेले ओळखणारी, त्याला दाद देणारी. दुसऱ्या प्रकारालाही त्याने प्रतिभाच म्हटले आहे, हे ध्यानात घ्या. ओळखणाऱ्यांचेही त्याने चार वर्ग पाडले : एक, ज्याला काहीच रुचत नाही, दुसरा, जो धान्याबरोबर गवतही खातो, म्हणजे ज्याला सगळेच रुचते, तिसरा मत्सरी, आणि चौथा, जो खरोखर तत्त्वाला भिडतो आणि हजारांत एखादा आढळतो. व्याख्यानमालेला नियमाने येणाऱ्या मंडळींनी आपापला वर्ग घरी जाऊन ठरवावा. वक्त्यांना तो आधीच ठाऊक असतो!

बहिणाबाईंपाशी कारयित्री होती; सोपानदेवांपाशी आणि अत्र्यांपाशी भावयित्री. दुसरी नसती तर पहिली मातीत गेली असती.

हीच गोष्ट दुसऱ्या एका घरात पहा. १९१०-११ च्या सुमारास मुंबईतील एका चित्रगृहात ख्रिस्ताच्या जीवनावरचा बोलपट नव्हे, मूकपटच, लागला होता. तो शेकडो लोकांनी पाहिला. त्यांत चाळिशी गाठलेले एक गृहस्थ होते. चित्रकला शिकलेले, छायाचित्रण केलेले, शिळाछापाचे काम केलेले, स्वतःचा छापखाना काढून भागीदारांशी न पटल्याने नुकतेच रिकाम्या हाताने बाहेर पडलेले. जगाच्या हिशेबाने वाया गेलेला माणूस! पडद्यावर ख्रिस्त होता. दादासाहेब फाळक्यांना मात्र राम आणि कृष्ण, अयोध्या आणि गोकुळ दिसू लागले, असे त्यांनीच पुढे १९१७ साली 'नवयुग' मासिकात लिहिले आहे. दिवा बाहेरचा होता, हे खरे. पण वीस-पंचवीस वर्षांच्या धरसोडीत त्यांनी जे जे शिकून ठेवले होते ते सर्व त्या एका क्षणी उपयोगी आले. वाया काहीच गेले नव्हते.

मला त्याहून अधिक आवडतो तो पुढचा प्रसंग. भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून या माणसाने काय दाखविले? देवदेवतांचा देखावा नव्हे. १९१२ साली विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून ते लंडनला गेले, कॅमेरा घेऊन आले, आणि एका कुंडीत वाटाणा लावून त्यांनी महिनाभर रोज एकेक चित्र घेतले. ते चित्र पडद्यावर सरसर चालविले तेव्हा बी फुटून, कोंब वर येऊन, पाहता पाहता वेल झाला. महाराष्ट्राच्या चित्रपटाचा आरंभ, मित्रहो, वाटाण्यापासून आहे! ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला, तो त्यानंतर. आणि या सगळ्या काळात सरस्वतीबाई फाळके काय करीत होत्या? कंपनीतल्या मंडळींचा स्वयंपाक करीत होत्या, दागिने गहाण पडू देत होत्या, आणि रात्री दिव्याच्या उजेडात कोऱ्या फिल्मच्या कडांना भोके पाडीत होत्या. नवऱ्याला वेड लागले असे शेजारीपाजारी म्हणत असता ज्या बाईने त्या वेडात काही तथ्य आहे हे ओळखले, तिच्या ठायी राजशेखराची दुसरी प्रतिभा होती, याविषयी मला शंका नाही.

आता त्या चिठ्ठीकडे येतो. दुसऱ्याच्या आकड्यांच्या बेरजा करणाऱ्याने काय करावे?

मला सांगता येते ते थोडेसेच आहे. मनात एक प्रश्न पाळावा. तो आपल्याच कामातला असला तर फारच उत्तम. बेरजा करताना एकच चूक पुन्हा पुन्हा का होते, हाही प्रश्नच आहे. वॉटचा प्रश्न याहून फार भव्य नव्हता. त्या प्रश्नाशी रोज थोडा वेळ इमानाने झटावे आणि मग तो सोडून द्यावा. दिवसातली एखादी फट उघडी ठेवावी. आणि जवळ वही असावी. सुचलेले लिहून ठेवले नाही तर ते पुन्हा येईल, अशा भ्रमात राहू नये. लक्ष्मीबाई टिळक लग्नानंतर घरीच लिहायला-वाचायला शिकल्या. त्यांची 'स्मृतिचित्रे' प्रसिद्ध होऊ लागली १९३४ साली, त्यांच्या वयाच्या साठीनंतर. त्यांत काय आहे? सासर, सोवळे, स्वयंपाक, भांडणे, दुखणी, विक्षिप्त नवरा! याहून निराळे आपल्या घरात काय असते?

आणि हे सर्व करूनही काही सुचले नाही तर? तेही शक्य आहे. मी कोणाला हमी देत नाही. परंतु मग आपल्या घरात दुसऱ्या कोणाला तरी सुचत असेल, तिकडे कान द्यावा. हे मी उपदेश म्हणून सांगत नाही. माझ्याकडून ते झाले नाही, म्हणून सांगतो.

माझे लहानपण ज्या खेड्यात गेले तेथे त्या वेळी पिठाची गिरणी नव्हती. आजी पहाटे जात्यावर बसे. मी तिच्या मांडीला डोके लावून पडत असे; जात्याच्या घरघरीने मांडी थरथरे. ती ओव्या म्हणे. काही सगळ्या गावाच्या होत्या, पण काही तिच्या स्वतःच्या असत. कारण त्यांत आमच्या गोठ्यातली गाय असे, वारलेला माझा चुलता असे, एकदा तर माझे नावही आले होते. मला शाळेत लिहायला येऊ लागले तेव्हा मी एकदा पाटी घेऊन तिच्याजवळ गेलो आणि म्हणालो, "आजी, सकाळची ओवी परत म्हण ना, मी लिहून घेतो." ती हसली. म्हणाली, "अरे वेड्या, ती दळणाची होती. दळण झालं, ती पण झाली. आता कुठनं आणू?" मला ते पटले, आणि मी खेळायला गेलो. पुढे गावात गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले, आजी गेली. मी पुढे मराठीचा शिक्षक झालो. तीस वर्षे मुलांना कविता शिकविल्या!

हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या दोघांनी १९८० च्या दशकापासून आपल्या सहकाऱ्यांसह खेडोपाडी हिंडून बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक ओव्या त्यांनी लिहून घेतल्या आणि त्यांतल्या पुष्कळ ध्वनिमुद्रितही केल्या. त्यांतले काही आता कोणालाही ऐकता येते. नातवाने ते मला मोबाइलवर लावून दिले, तेव्हा मी पुष्कळ वेळ ऐकत बसलो. आवाज तसाच, घरघर तशीच, चालही ओळखीची. आमच्या गावाचे नाव काही त्यात निघाले नाही.

आजीच्या त्या ओवीत माझ्या नावाबरोबर पिंपळाच्या पाराचा काही उल्लेख होता. मी पारावरून पडलो होतो, त्याविषयी असावा. पहिले दोन शब्द आठवतात. पुढचे आठवत नाही.